एका कान्याचं अंतर

१

दुपारचं जेवण झालं की आमचं कोरगाव आडवं होतं. दुकानांच्या फळ्या लागतात, कुत्री रस्त्याच्या मधोमध पसरतात आणि बसवाला त्यांना वळसा घालून जातो. हीच झोप मी पेडण्याच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून खुर्चीत बसून घेत होतो. निवृत्तीनंतर फरक एवढाच पडला की पाय लांब करता येतात.

माझं नाव भिकाजी. नाव ठेवताना आईवडिलांनी माझ्या भवितव्याबद्दल कोणाची दिशाभूल केली नाही. बायको सुमंगला मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, गेल्या वर्षी तीही निवृत्त झाली. मुलगी विनिता पुण्याला असते. आईला भेट म्हणून तिने ठरवलं की आईचं चित्र काढून घ्यायचं. फोटो नव्हे, समोर बसवून काढलेलं, तैलरंगातलं. चित्रकारही तिनेच ठरवला. हळर्णचा गोकुळदास.

"बाबा, त्यांची पणजीला प्रदर्शनं होतात. माणसं काढतात आणि जनावरं काढतात."

"आईला कशात धरलंय?" मी विचारलं.

विनिताने फोन आईकडे द्यायला सांगितला.

चित्रकलेशी माझा संबंध फक्त शिक्क्याचा. नोकरीभर जो शिक्का मारला त्यावर सिंह होते. दिसायचे तीन. चौथा पाठीमागे आहे, असं सगळे धरून चालायचे. मीही धरून चाललो. मागे कोण बसलंय हे बघण्याची कचेरीत पद्धत नव्हती.

२

हळर्ण हे सुमंगलेचं माहेर आणि गोकुळदास तिच्या शेजारचा. लग्न न केलेला, मानेवर केस रुळणारा, साठी ओलांडूनही शर्टाची वरची दोन बटणं उघडी ठेवणारा. वर्तमानपत्रात त्याच्याबद्दल लिहून येतं तेव्हा 'मातीशी नातं' हे शब्द असतातच. नातं माझंही मातीशी आहे, पण माझे पाय मळले तर सुमंगला ते धुवून आत यायला सांगते.

चित्रासाठी ती सकाळच्या बसने हळर्णला जायची आणि जेवणाच्या वेळेला परतायची. येताना चेहरा असा, की जणू कोणी आतून दिव्याची काच पुसलीय.

"काय करता तिथे इतका वेळ?"

"बसायचं फक्त."

"बसून इतकं हसू येतं? मग कचेरीत आम्ही वर्षानुवर्षं हसायला हवं होतं."

"तुमचं आपलं काहीतरी," ती म्हणाली आणि फोनवर गोकुळदासाला, "अरे, पोचले मी. तू जेवलास?"

इथे मला एक सांगायला हवं. सुमंगला मला 'अहो' म्हणते. या, बसा, जेवा, झोपा. लग्नाच्या पहिल्या दिवसापासून. आमच्या पिढीत सगळ्याच म्हणतात, त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही, आणि मी ती कधी केली नाही. पण मी आयुष्यभर मसुदे तपासलेला माणूस, माझी नजर काना-मात्रेवर जाते. 'बस' आणि 'बसा' यांत एका कान्याचं अंतर. त्या कान्याच्या पलीकडे देव, आमची विनिता, मांजर आणि गोकुळदास. अलीकडे मी, अर्जावरच्या 'महोदय'सारखा.

३

चित्र आलं. सालातल्या, म्हणजे आमच्या पुढच्या मोठ्या खोलीतल्या भिंतीवर लावलं. शेजारपाजारचे बघून गेले. समोरचे बाबुराव म्हणाले, "डोळे बघा भिकाजी. खंयय उभे ऱ्हावा, तुमच्याकडेच बघतत."

मी उभा राहिलो. जनेलाकडे, म्हणजे खिडकीकडे, दाराकडे, टीव्हीसमोर. ते डोळे माझ्याकडे बघत नव्हते.

चित्र उत्तम होतं, हे मत्सरी माणसानेही कबूल करावं. तिचं तपकिरी काठाचं लुगडं, कानामागची ती एक बट. पण तोंडावर जे होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे त्याला 'अपुरबाय' म्हणतात. आजारातून उठलेल्या लेकराला भात भरवताना असते ती. तसं ती कोणाकडे तरी बघत होती, आणि तो कोणी खाली होता.

सुमंगला पोदेराकडे पावाचे उंडे आणायला बाहेर गेली असताना मी स्टुलावर चढलो, चित्रातल्या डोळ्यापाशी दोऱ्याचं एक टोक धरलं आणि नजर जाते तसा दोरा ताणत खाली आणला. हेडक्लार्क असंच काहीतरी करणार. दोरा स्वयंपाकघराच्या दाराजवळ, कपाटाला लागून, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर येऊन संपला. तिथे काही नव्हतं. कोपऱ्यात टवका उडालेली एक फरशी होती.

उभ्या माणसाचा चेहरा तिथे येत नाही. गोकुळदासाचाही येत नाही, हा विचार येऊन मला बरं वाटलं. तेवढ्यापुरतं.

४

"तो जोड काढतो," सुमंगला म्हणाली. ती खोबरं किसत होती. "माणूस नुसता बसला की तोंड लाकडाचं होतं. म्हणून तो शेजारी बुटक्या स्टुलावर एखादं जनावर बसवतो. बकरू, कुत्रं, काहीही. आपण त्याच्याकडे बघायचं, त्याने आपल्याकडे. मग दोन चित्रं होतात. माणसाचं माणूस नेतो, जनावराचं गोकूळकडे राहतं."

"म्हणजे आपल्याकडे अर्धंच आलंय."

"तुमच्या भाषेत, हो."

"आणि तुझ्या वेळी स्टुलावर काय होतं?"

किसणीवरचा हात थांबला. भिंतीवरचं ते तोंड तिच्या तोंडावर आलं आणि गेलं.

"होतं एक. गरीब होतं."

"कुत्रं?"

"कुत्रं कसलं."

"मग मांजर? वासरू?"

"अहो, एवढं काय त्यात," ती म्हणाली आणि पुन्हा किसायला लागली. लाजल्यासारखी. या वयात, या घरात, किसणीसमोर बसून माझी बायको एका जनावरावरून लाजली. गोकुळदासावरून लाजली असती तर निदान काय बोलायचं ते मला माहीत होतं.

५

त्यानंतर मी दुपारी झोपायचं सोडलं. म्हणजे पडायचो, डोळे मिटायचो, पण कान कचेरीतल्यासारखे जागे ठेवायचो.

आमचं घर दुपारी फार शांत असतं. पंख्याचा एक आवाज, फ्रीजचा एक. त्यात एकदा तिसरा आला. मोठं जनावर बसताना आधी पुढून वाकतं, मग मागचा भाग टाकतं आणि शेवटी नाकातून एक लांब श्वास सोडतं. तो श्वास. सालातून, स्वयंपाकघराच्या दाराकडून.

मग सुमंगलेचा आवाज, अगदी हळू. "ये. बस. असा बस. गप."

कान्याशिवाय.

मी उठून गेलो. ती एकटी होती, हातात वाडगा. सकाळच्या उरलेल्या पेजेचा.

"कोणाशी बोलत होतीस?"

"मांजराशी."

मांजर बाल्कांवात, पुढच्या ओसरीच्या कट्ट्यावर, पाठ करून झोपलं होतं. वाडगा ती ठेवून गेली तो कपाटाला लागून, टवक्याच्या फरशीवर. संध्याकाळी तो पुसल्यासारखा कोरडा होता.

पेज मांजराने खाल्ली असेल. श्वास फ्रीजचा असेल, जुना आहे, असले उद्योग करतो. बुद्धीला कामाला लावलं की ती उत्तरं देते. पण दिवेलागणीला मांजर सालातून स्वयंपाकघरात जाताना मी पाहिलं. सरळ वाट सोडून ते त्या फरशीभोवती वळसा घालून गेलं. घाबरून नव्हे. कोणी झोपलेलं असलं की त्याच्या पायावर पाय पडू नये म्हणून जातात, तसं.

ते गेल्यावर मी वाकून फरशीवर हात ठेवला. बाकीची जमीन गार होती. तेवढी एक कोमट होती.

इतर नवऱ्यांना अशा वेळी भीती वाटत असेल. मला जी चीड आली ती सांगायची सोय नाही. माझ्या घरात, माझ्या फरशीवर, माझ्या बायकोचं 'तू' कोणीतरी फुकट खात होतं.

६

मी स्कूटर काढली आणि हळर्ण गाठलं. सुमंगलेला पेडण्याला पेन्शनच्या कामासाठी जातो म्हटलं. निवृत्त माणसाला ही एक सबब जन्मभर पुरते.

गोकुळदासाची चित्रं काढायची जागा म्हणजे काजूच्या भट्टीची जुनी शेड. भट्टी बंद होऊन काळ लोटला तरी भिंतींना तो आंबूस वास आहे, वर टर्पेंटाइनचा. पहिल्यांदा मला भिंती दिसल्या. भरलेल्या. बैल, बकरी, आयाळ झडलेलं घोडं, एक पाणमांजर, एक वानर, एका डोळ्यात फूल पडलेली कुत्री. सगळी बुटक्या स्टुलाशेजारी किंवा स्टुलावर, आणि सगळी किंचित वर बघणारी. ज्यांच्याकडे बघत होती ती माणसं कुठल्या कुठल्या घरांत भिंतींवर होती. इतकी माया एका खोलीत आणि घ्यायला कोणी नाही. बसस्टॉपवर सोडून गेलेल्या मुलांसारखं वाटलं.

"भावोजी," तो म्हणाला, "येवा, बसा मरे. सुमा बरी असा?"

सुमा. मी ते गिळलं.

"सुमंगलेची जोड बघायची होती."

त्याने ब्रश फडक्याला पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. "ती भिंतीर नाय."

"विकली?"

"जनावरां मी विकत नाय." तो कोपऱ्याकडे गेला. तिथे एक कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. "पुरी नाय जाली ती. तुमका हसूक येतला."

त्याने कॅनव्हास फिरवला.

स्टूल होतं. नीट काढलेलं, वरची काथ्याची बैठक मधे दबलेली, वजन असल्यासारखी. त्यावर कोणी नव्हतं. पण स्टूल शेडमधलं वाटत नव्हतं. मागे दाराची चौकट होती, चौकटीला लागून कपाटाची कड, आणि खाली एक फरशी, कोपऱ्यात टवका उडालेली.

"तू आमच्या घरी आलायस कधी?"

"तुम्ही बोलवलास कधी?" तो हसला. मग हसणं सोडलं. "भावोजी, खरा सांगतंय. सुमा बसली त्या दिवशी बकरू आणलेलां. ता रवना, सारखा उडी मारी. भायर नेऊन बांधलां. परत येऊन बघतंय तर सुमा तशीच रिकाम्या स्टुलाकडे बघता. मी म्हटलां, माझ्यासाठी नाटक करता. पण असो चेहरो नाटकात येता? मी काय सोडतंय? काढीत ऱ्हवलंय."

"आणि स्टुलावर?"

"स्टूल माझ्या बगलेक असता. मी माणसाचो चेहरो काढताना तिकडे बघणा नाय. बघलंय तर चेहरो जाता."

"पण शेजारी काही होतं की नाही, कळलं असेल."

त्याने ब्रश डब्यात उभा केला.

"माझी ही बाजू," त्याने उजव्या दंडावर हात ठेवला, "गरम व्हायची. शेणकुटाची शेगडी ठेवल्यासारखी."

बाहेर कोणाची तरी गाय हंबरली आणि भिंतीवरच्या सगळ्यांनी ते ऐकलं असं मला उगाच वाटलं.

"अर्धी जोड ठेवणां बरां नाय," तो म्हणाला. "एक घरात आणि दुसऱ्याक घर नाय, असा होता मग. कोणाक तरी बसवून पुरी करतंय. बैल आणूचो म्हणत होतंय."

"बैल नको," मी म्हणालो. "मी बसतो."

मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. माझ्याकडे, खरंतर माझ्या उंचीकडे, बघत राहिला.

"जनावराच्या जाग्यार?"

"ती कुठे बघते ती जागा पाहिजे मला," मी म्हणालो. इतकं सरळ वाक्य मी नोकरीत कधी लिहिलं नाही.

७

काथ्याची बैठक बुटकी होती, गुडघे छातीशी आले. समोर त्याने सुमंगलेचा एक कच्चा आराखडा टाचून ठेवला. नुसता कोळशाचा, पण नजर तीच. खाली बसल्यावर ती थेट माझ्या तोंडावर पडली.

काय सांगू. मी साठीपार माणूस, पोरासारखी मान वर करून बसलो. इतकी वर्षं मी चुकीच्या उंचीवर उभा होतो.

"जरा सरका," कॅनव्हासमागून गोकुळदास म्हणाला.

मी सरकलो.

"आणखी थोडे. उजवीकडे. हां, ऱ्हवा. आता मावता."

स्टूल एका माणसाचं होतं आणि मी कडेवर आलो होतो, अर्धा बाहेर. काय मावतं, हे विचारायला मी तोंड उघडणार होतो. पण माझी डावी बाजू उबदार झाली होती, आणि समोर सुमंगला बघत होती, आणि ती कोणाकडे बघते हा प्रश्न तेव्हा विचारला असता तर उत्तर मिळालं असतं. मी मान आणखी वर केली.

८

जोड घरी आली. माझ्या आग्रहाने आली. मी गोकुळदासाला सांगितलं की हे जनावर तुला ठेवता येणार नाही, त्याला पेन्शन आहे. सालात सुमंगलेच्या समोरच्या भिंतीवर ती लावली. बाबुराव आले, चष्मा पुसून बघितलं, "बसणां जरा अवघड जालां वाटता," म्हणाले आणि चहा न घेता गेले.

चित्रात मी होतो. स्टुलाच्या कडेवर, गुडघे वर, मान वर. बाकीचं स्टूल रिकामं.

सुमंगला चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. मग पदराने डोळे टिपले.

"छान आलेत," ती म्हणाली. "दोघंही."

मला वाटलं, दोघं म्हणजे ती दोन चित्रं. मराठीत तसं म्हणत नाहीत हे मला कळतं. मसुदे तपासलेत मी.

आज दुपारी तिने पानं घेतली. मी हात धुतले आणि टेबलाकडे न जाता स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो, कपाटाला पाठ लावली आणि टवक्याच्या फरशीवर खाली बसलो. गुडघे दुखत होते, पण जागा कोमट होती, बरी होती. मनात एकच गोष्ट होती. आज इथे मी आहे. आज दुसऱ्या कोणाला जागा नाही.

ती भाताचं भांडं घेऊन बाहेर आली आणि मला बघून थांबली. मला वाटलं म्हणेल, अहो, हे काय, उठा. तिने भांडं ठेवलं आणि वाकून माझ्याकडे पाहिलं. भिंतीवरच्यासारखं. भिंतीवरच्याहून जास्त. तिचा हात माझ्या केसांतून गेला.

"बस," ती म्हणाली. "असा बस."

काना नव्हता. मी नीट ऐकलं.

तिने पेजेचा वाडगा माझ्यापुढे ठेवला आणि टेबलाकडे गेली. माझं कदेल, म्हणजे माझी जेवायची खुर्ची, मागे ओढल्याचा आवाज आला. ते ओढताना नेहमी करकरतं, बसणाऱ्याचं वजन पडलं की थांबतं. थांबलं.

"बसा," सुमंगला म्हणाली. "अहो, भात गरम आहे, सांभाळून."

तेवढ्यात फोन वाजला. विनिताचा, या वेळेला ती करतेच. "हो, जेवायलाच बसलोय," सुमंगला म्हणाली. "बाबा? हे काय समोर. बघ." तिने फोन कदेलाच्या दिशेने धरला.

"बाबा," फोनमधून विनिता हसली, "किती बरे दिसताय तुम्ही."

मी जिथे बसलो होतो तिथून टेबलावरचं काही दिसत नाही, चादर आड येते. खालचं दिसतं. कदेलाचे पाय दिसले आणि त्यांच्यामध्ये माझ्या चपला. त्या कोणाच्या तरी पायांत होत्या. डावीत उजवा, उजवीत डावा, कोणी न शिकवता घातल्यासारख्या. पुढून त्या जमिनीला टेकल्या होत्या. टाचा टेकल्या नव्हत्या. टाचा खूप वर होत्या, जवळजवळ गुडघ्याशी, जनावराच्या मागच्या पायांच्या असतात तशा.

तेव्हा उठायला हवं होतं. हाक मारायला हवी होती, विनिता फोनवर होती. मी गुडघ्यांवर जोरही दिला. पण वाढता वाढता सुमंगला वळली, मान जराशी कलती करून तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "गप पड."

मी पडलो. नाकातून एक लांब श्वास सुटला, तो माझाच होता.

वर ती भात वाढत होती. "अजून घ्या ना," ती म्हणाली, "थोडा तरी घ्या." किती आदराने म्हणाली. एवढी वर्षं तोच काना ती मला देत होती आणि मी तो अर्जावरचा समजत होतो. माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. मी वाडग्यातून तोंड वर केलं आणि त्या चपलांकडे बघत राहिलो.